पाचट, चूल आणि तुमचा छंद

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. तुमच्या वर्गातील बाकेही तेव्हा रिकामी होत असतील. फडाजवळच्या कोपीत तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजताना आईच्या छातीत धूर जातो. आणि उसाचे वाळलेले पाचट मात्र पुष्कळदा फडातच पेटवून दिले जाते!

पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने या दोन गोष्टींची सांगड घातली. बंद पिंपात पाचट तापवले की त्यातील ज्वलनशील वायू बाहेर पडतात. ते भट्टीतच जाळतात. मागे कोळसा उरतो. त्याच्या कांड्या फारसा धूर न करता जळतात. या कामाला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यात सहभागी असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी पुढे ‘समुचित एन्व्हायरो टेक’ हा उद्योग उभारला. आवडीच्या विषयाचाच व्यवसाय झाला.

परंतु नुसती आवड पुरत नाही, असे मला वाटते. तिला शेजाऱ्याच्या अडचणीची आणि मोजमापाची जोड हवी. कोळशाचेच पाहा. धूर नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, म्हणून हवा खेळती हवीच.

तेव्हा आजच घरच्या चुलीला आठवड्यात किती सरपण लागते, ते तोलून वहीत लिहा. उद्याच्या उद्योगाचे पहिले पान कदाचित तेच असेल!