पाटी मराठी, कुलूप विंडोजचं

मलकापुरात माझ्या पुतण्याचं रेडियम कटिंगचं छोटं दुकान आहे. दुकानांच्या पाट्या, गाडीमागची नावं वगैरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्या कॉम्प्युटरवर ११ बसेना, म्हणून त्याने लिनक्स घातलं. कॉम्प्युटर पळायला लागला... आणि धंदा थांबला! डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजचं, कटरचा ड्रायव्हरही विंडोजचाच.

"काका, व्हर्च्युअलबॉक्स घालतो." म्हणजे लिनक्सच्या पोटात विंडोज! चाललं, पण कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. शेवटी इंकस्केप सापडलं. फुकट आहे, आणि बऱ्याच कटरांना कळणाऱ्या एचपीजीएल भाषेत फाइल देतं. याच्या कटरने ती मुकाट्याने कापली.

खरा घोळ पुढेच. जुन्या फाइलींतलं मराठी युनिकोड नव्हे. फॉन्ट बदलला की 'गणेश'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला! सगळं पुन्हा टाइप केलं, 'मुक्ता' या मोफत फॉन्टात.

२०२२ साली कायदा बदलून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. उत्तम. पण ती बनवणाऱ्याचं मराठी एकाच सिस्टिमच्या कुलपात का? वर्गात मी कधी 'अमक्याच कंपनीचं पेन आणा' म्हटलं नाही. सरकारने युनिकोडचा आणि कटरवाल्यांनी लिनक्सच्या ड्रायव्हरचा आग्रह धरायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. कालच त्याने 'सुऱ्या-कात्र्यांना धार' अशी पाटी कापली. 'ऱ्या' नीट आलाय का, ते मी चष्मा लावून तपासलं. आलाय.