आधी मरिचझांपी शिकवा

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात शांततेचा तास झाला. एक संस्था आली होती. नाव लिहीत नाही. लिहिलं तर माझं भांडण त्या एका संस्थेशी आहे असं होईल, आणि माझं भांडण त्याहून मोठं आहे. बाई बोलायला गोड होत्या. भिंतीवर कागद चिकटवला, त्यावर पांढरं कबूतर, चोचीत हिरवी डहाळी. विषय होता निर्वासित आणि माणसांची तस्करी, आणि शांततेच्या शिक्षणातून जनजागृती. आम्हाला डोळे मिटायला सांगितलं. म्हणे मनात शांतता आली की जगात येते. मी गोदीतली रात्रपाळी करून आलो होतो. डोळे मिटले आणि झोप लागली. त्या तासातून मला मिळालेली शांतता ती एवढीच.

जाग आल्यावर विचारलं, बाई, निर्वासित म्हणजे कोण? पडद्यावर एक बोट दाखवली, कुठल्या तरी परक्या समुद्रातली, माणसांनी खच्चून भरलेली. मी म्हटलं, आणि आपल्याकडचे? बाई म्हणाल्या, त्यात राजकारण येतं, आज ते नको.

बाईंना नको असेल. आम्हाला पाहिजे.

दोस्तांनो, मरिचझांपी हे नाव तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलंय? मीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं. दहावीच्या इतिहासात फाळणी होती, तारीख होती, रेषा ओढणाऱ्या साहेबाचं नाव होतं. रेषेखाली कोण चिरडलं ते नव्हतं. खुलना, जेसोर, फरीदपूर, बारिसाल या भागांतले नमोशूद्र. शेत कसणारे, मासे धरणारे, होड्या वल्हवणारे. पूर्वी त्यांना चांडाळ म्हणत. म्हणजे आपलीच माणसं. १९४६ साली मुंबईतून बाबासाहेबांना घटना समितीची दारं बंद झाली होती, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या विधानसभेतले अनुसूचित जातींचे आमदार उभे राहिले आणि बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले. फाळणीत ती जागा गेली, मग १९४७ च्या जुलैत ते मुंबईतून पुन्हा आले. आपण जयंतीला घटनेची मिरवणूक काढतो ना? त्या मिरवणुकीत खुलन्याच्या माणसाचं देणं आहे. ते आपण कधी फेडलं?

मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन, हात पोळून इकडं आले. त्यांच्या मागून त्यांची माणसं येत राहिली, पन्नासच्या दंगलीनंतर, चौसष्टच्या दंगलीनंतर. आणि इथं बघा, निर्वासितालासुद्धा जात असते. आधी आलेल्या भद्रलोकांनी कलकत्त्याच्या कडेला जमिनी धरल्या, वसाहती उठवल्या, आणि पुढे त्यातल्या कितीतरी कायदेशीर झाल्या. नमोशूद्रांना मात्र आगगाडीत घालून रायपूरजवळच्या माना कँपात, तिथून मलकानगिरी, कोरापूट, बस्तर. दंडकारण्य. नदीतल्या माणसाला दगडावर नेऊन टाकलं आणि त्याला नाव दिलं पुनर्वसन. वर ती जमीन होती आदिवासींची. म्हणजे एका नागड्याचं काढून दुसऱ्या नागड्याला नेसवलं आणि दोघांना भांडायला लावलं.

१९७७ साली बंगालात डाव्यांचं सरकार आलं. विरोधात असताना याच पक्षांचे पुढारी म्हणत होते, निर्वासितांना बंगालातच वसवा. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. १९७८ मध्ये लाखाच्या वर माणूस दंडकारण्यातून निघाला, किडुकमिडुक विकून. बहुतेकांना धरून परत धाडलं. तरी तीसेक हजार माणूस सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर पोचला. सरकारकडं त्यांनी पैसा मागितला नाही. बांध घातले, विहिरी खोदल्या, शाळा काढली, दवाखाना काढला, होड्या बांधायला घेतल्या, विड्या वळल्या, पाव भाजले. ह्याला मी शांततेचं शिक्षण म्हणतो. कबुतराशिवाय.

सरकार म्हणालं, हे राखीव जंगल आहे, वाघ आहेत. २४ जानेवारी १९७९, प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधी, जमावबंदी लागली आणि पोलिसांच्या लाँचींनी बेट घेरलं. धान्य बंद. औषध बंद. चहूकडं खारं पाणी आणि प्यायचं पाणी बंद. अरे, चवदार तळ्याची आठवण येते का कुणाला? ३१ जानेवारीला गोळीबार. हायकोर्टानं सांगितलं की अन्नपाणी अडवू नका, तरी नाकेबंदी चालूच राहिली. मे महिन्याच्या मध्याला, १४ ते १६ तारखांना, झोपड्या पेटवून बेट रिकामं केलं. मुख्यमंत्री होते ज्योती बसू. झेंडा लाल होता. मी स्वतः गोदीत लाल झेंड्याखाली उभा राहून घोषणा दिल्यात, म्हणून हे लिहिताना माझी जीभ जास्त कडू होते.

मेले किती? सरकार म्हणालं, गोळीबारात दोन. जगलेले सांगतात शेकडो. काही अभ्यासक हजारांत जातात. भुकेनं, जुलाबांनी, बुडून, गोळीनं.

मी गोदीत काम करतो. आमच्याकडं टॅली क्लार्क असतो. गोण्या किती उतरल्या, किती फुटल्या, सगळं लिहितो. फुटक्या गोणीचा वेगळा कागद, त्यावर सही, त्याची भरपाई. साखरेची एक गोणी हुकानं फाटली तर तिचा हिशेब लागेपर्यंत कोण घरी जात नाही. मरिचझांपीची टॅली कुणी केली नाही. एकालाही शिक्षा झाली नाही.

आता कुणी म्हणेल, हा बंगालचा मामला, आपल्याला काय त्याचं. मग गडचिरोलीला जाऊन बघ. चामोर्शी, मुलचेऱ्याकडं त्याच निर्वासितांच्या वसाहती आहेत, आपल्या महाराष्ट्रात, तीन पिढ्या झाल्या. बंगालच्या यादीत नमोशूद्र अनुसूचित जात आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. माणूस तोच, जात तीच, फक्त हद्द ओलांडली की कागद मरतो. हे दुखणं आपल्याला ठाऊक नाही? छप्पन्न साली धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या, त्या १९९० पर्यंत परत आल्या नाहीत.

आणि तरी आपली पोरं काय करतात? नाक्यावर उभी राहतात आणि शेजारच्या साइटवर सळई वाकवणाऱ्या बंगाली पोराला बघून म्हणतात, बांगलादेशी आहे, हाकला साल्याला. कुणाची भाषा ही? ज्यांनी आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं त्यांची. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेले बंगालचे मजूर, भारताचे नागरिक, सीमेपलीकडं ढकलले गेले आणि मग चूक झाली म्हणून परत आणले. चूक! उद्या तुझा जन्माचा दाखला मागतील. तुझ्या आजीचा जन्म कुठल्या दवाखान्यात झाला होता रे? आमच्या आजीला विचारलं तर ती म्हणायची, बहात्तरच्या दुष्काळाच्या पंधरा-वीस वर्षं आधी. हाच तिचा दाखला.

निर्वासितांसाठी या देशात वेगळा कायदाच नाही. १९५१ च्या जागतिक करारावर भारतानं सही केलेली नाही. २००३ च्या दुरुस्तीनं बेकायदा ठरलेल्याच्या लेकराचंही नागरिकत्व काढलं. २०१९ च्या कायद्यानं धर्म बघून चाळण लावली, नियम आले २०२४ च्या मार्चमध्ये. चाळण लावणाऱ्याचा हात आपण जन्मापासून ओळखतो. आज आपण वर राहिलो म्हणून टाळ्या पिटायच्या?

आता दुसरी गोष्ट, जिच्यावर त्या बाई कुजबुजत बोलल्या. तस्करी.

२५ मे २००९ ला त्याच सुंदरबनावर आयला नावाचं वादळ आलं. आपल्याकडं ही शिवी आहे, तिकडं ते घर बुडवून गेलं. बांध फुटले, शेतात खारं पाणी शिरलं, खारवलेल्या जमिनीत भात उगवेना. पुरुष बाहेरगावी मजुरीला गेले. आणि मग गावात एक ओळखीची बाई येते, कधी मामा, कधी लग्न करतो म्हणणारा पोरगा. मुंबईत काम आहे, घरकाम, शिलाई, पार्लर. तस्कर तोंडाला फडकं बांधून येत नाही. तो ओळखीचा असतो आणि चार पैसे हातावर ठेवतो. आपल्या ऊसतोड्यांना मुकादम उचल देतो ना, तशी उचल. इथं आणून पोरगी घरवालीला विकतात. ज्या भावाला विकली तो भाव पोरीच्याच नावावर कर्ज म्हणून चढतो. त्यावर व्याज, जेवण, औषध, पोलिसांचा हप्ता, सगळं तिच्याच खात्यात. ते फिटेपर्यंत ती छोकरी, हातात छदाम नाही. फिटलं तर अधिया, म्हणजे निम्मी कमाई घरवालीची. ह्यात गूढ काही नाही. वतनातल्या महाराला आणि सालगड्याला हेच खातं लावलं होतं. आणि धाड पडली, सुटका झाली, की सुधारगृहाचं कुलूप. तिथून परत त्याच खारवलेल्या गावात, जिथं कर्ज उभंच आहे आणि तोच मामा बसलाय.

घटनेचं २३ वं कलम काढून वाचा. माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार एकाच ओळीत बंद केलेत. समतेच्या भाषणात आपण १७ वं कलम सांगतो, २३ वं कुणी सांगत नाही. बुद्धानंसुद्धा उपासकाला जे पाच धंदे मना केले त्यात सत्तवणिज्जा आहे, जित्या जिवांचा व्यापार. पंचशील घेताना आपण वर्षाला किती वेळा उभे राहतो, हे कुणी सांगतं का?

सांगणार कोण? आपलंच अंग भरलेलं आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला पोरी सोडल्या त्या कुणाच्या? महार-मांगांच्या. गळ्यात मोती बांधला आणि तिथून कामाठीपुऱ्याची गाडी. बाबासाहेबांनी १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलात जोगतिणी, मुरळ्यांची सभा घेतली आणि तोंडावर सांगितलं, हे सोडा. कठोर बोलले, पण त्यांच्यात जाऊन बोलले. आज आपण काय करतो? गोलपिठ्यावरच्या कवितेला टाळी देतो आणि गोलपिठ्यावरून जाताना मान फिरवतो. मी माझंच सांगतो. गोदीत आम्ही दिवसभर माल म्हणतो, माल उतरला, माल चढला. पाळी सुटल्यावर टपरीवर चहा पिताना समोरून जाणाऱ्या बाईला तोच शब्द वापरला. एकदा नाही, शंभरदा. दलालाच्या वहीत जो शब्द आहे तोच माझ्या तोंडात, आणि मी कवी म्हणवतो.

शांततेला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे डोळे मिटायला लावणाऱ्या शांततेला. आपल्याकडं दुसरी आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ यात बाबासाहेबांनी लिहिलंय, सिद्धार्थानं घर सोडलं ते म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं भांडण पेटलं. संघानं युद्ध ठरवलं, सिद्धार्थ भर सभेत विरोधात उभा राहिला. घरच्यांवर बहिष्कार टाकू, जमिनी जप्त करू अशी धमकी आली तेव्हा त्यानं देशत्याग पत्करला. म्हणजे पाण्याच्या भांडणात शांतता मागितली म्हणून हद्दपार झालेला माणूस, त्याच्या मूर्तीसमोर बसून तुम्ही आम्हाला सांगता की राजकारण नको?

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित कोण ते ठरवताना जात बघितली तसं पोटही बघितलं. भूमिहीन, मजूर, स्त्रिया, धर्माच्या नावानं पिळले गेलेले सगळे त्यात घेतले. त्या व्याख्येत साइटवरचा बंगाली बसतो, मुलचेऱ्याचा नमोशूद्र बसतो, पिंजऱ्यातली पोरगी बसते. बसत नसतील तर ती व्याख्या भिंतीवरून खाली काढा.

त्या संस्थेला आम्ही पत्र लिहिलंय. पुन्हा यायचं तर या, पण मरिचझांपीपासून सुरू करा. त्या येवोत न येवोत, येत्या रविवारी संध्याकाळी त्याच विहारात आम्ही तास घेतोय. भिंतीवर कबूतर नसेल, सुंदरबनाचा नकाशा असेल. २३ वं कलम मोठ्यानं वाचू, मराठीत आणि हिंदीत. बंगालीत वाचायला साइटवरचा एक पोरगा तयार झालाय. तो आधी घाबरला, म्हणाला, पोलीस तर येणार नाहीत ना. आम्ही दाराशी बसणार आहोत म्हटल्यावर हो म्हणाला. त्याच्याबरोबर आणखी पंधरा-वीस जण येतील. विहारातल्या सतरंज्या पुरायच्या नाहीत, येताना घरून एक-एक घेऊन या.