एक खिडकी, दोन तक्ते

गेल्या गणपतीत लालबागला मामाकडे गेलो होतो. चाळीच्या गणपतीचा हिशोब मामा बघतो. पूर्वी वहीत, आता एक्सेलमध्ये. एकाच फाइलमध्ये तीन शीट्स : खोल्यांची यादी, वर्गणी आणि खर्च.

जिन्याजवळच्या फळ्यावर बाकीदारांची नावं लावली होती, आणि त्यात सत्तावीस नंबरच्या आजींचं नाव. आजी पावती घेऊनच आल्या. शोधलं तर नोंद होती, पण एकवीस नंबरसमोर! मामा एका शीटवरचा आकडा डोक्यात धरायचा, खालच्या टॅबवर क्लिक करायचा आणि दुसऱ्या शीटवर ओळ शोधायचा. मधल्या क्षणात २७ चे २१ झाले.

मी मामाला हसलो नाही. कारण मी स्वतः प्रोग्रॅम लिहितो, आणि स्क्रीन नीटनेटका दिसावा म्हणून आठ तक्ते आठ टॅबमध्ये कोंबण्याचं पाप मीही केलंय.

आजोबा मूळजी जेठा मार्केटात एका पेढीवर दिवाणजी होते. कीर्द तारखेप्रमाणे, खतावणी खात्याप्रमाणे. नोंद तीच, क्रम वेगळा. म्हणून दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघड्या, एकीवर बोट आणि दुसरीवर लेखणी. संगणकालाही हे नवीन नाही. १९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्येसुद्धा खिडकीचे दोन भाग करता यायचे.

तर माझं मत असं : एकमेकांशी संबंध नसलेले तक्ते खुशाल टॅबमध्ये ठेवा. पण जे ताडून बघायचे असतात ते एकाच खिडकीत, एकाच वेळी दिसले पाहिजेत. मधली रेघ सरकवता यावी. आणि नुसतं शेजारी ठेवून भागत नाही. दोन्ही तक्ते एकदम सरकवण्याची सोय क्रम सारखा असेल तरच उपयोगी. इथे एक खोलीप्रमाणे, दुसरा पावतीप्रमाणे. तेव्हा डावीकडे खोलीवर क्लिक केलं की उजवीकडे तिच्याच पावत्या दिसायला हव्यात. मात्र एका वेळी दोनच तक्ते, फार तर तीन. पाच झाले की पुन्हा गोंधळ.

मामाला त्याच रात्री 'न्यू विंडो' आणि 'अरेंज ऑल' दाखवून दोन शीट्स शेजारी लावून दिल्या. खरा जोडलेला तक्ता लिहून द्यायचं कबूल केलंय.

फळ्यावरचं नाव लगेच पुसलं. पण आजींनी ते वाचलं होतं. दर्शनाला त्या आल्या, मामाशी मात्र बोलल्या नाहीत.