गप्प मुलाची दखल

वसतिगृहात दंगा करणाऱ्या मुलाकडे सर्वांचे लक्ष जाते. जो जेवण टाळतो, रात्री जागतो आणि गप्प राहतो, त्याला मात्र आपण ‘शिस्तीचा’ म्हणतो. ही चूक घातक ठरू शकते. समुपदेशक त्याचे मन जाणून घेतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ झोप, अभ्यास, खेळ, बागकाम यांतून त्याचा विस्कटलेला दिवस पुन्हा बसवतो. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले; आपल्या वसतिगृहांपर्यंत तो अजून पोहोचायचा आहे. माजी विद्यार्थ्यांनी पुढील देणगी नव्या इमारतीऐवजी या दोघांच्या मानधनासाठी द्यावी. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा. करुणेचा वारसा सांगणाऱ्या संस्थेचे हे पहिले कर्तव्य आहे.