पाच घरं आणि दोनशे चिंचोके

मुलांनो, या आठवड्यात सुरुवातीलाच एक कबुली देते. बाईंचंसुद्धा चुकतं. आणि चुकतं तेव्हा कधीकधी फळ्यावरचं गणित चुकल्यासारखं नुसतं डस्टरने पुसून टाकता येत नाही.

झालं असं, की पाचवीच्या वर्गाला मी एक प्रकल्प दिला, ‘आमच्या घरचा महिन्याचा जमाखर्च’. कागदावर छान रकाने आखून दिले. घरात कमावणारे किती? महिन्याची मिळकत किती? किराणा, दूध, औषधपाणी, प्रवास यांवर खर्च किती? आणि शेवटचा रकाना : बचत किती? मला वाटलं, मुलं घरी बसून आईवडिलांशी बोलतील, बेरीज-वजाबाकी पक्की होईल, पैसा कसा येतो नि कसा जातो ते कळेल. मग सगळे तक्ते वर्गाच्या भिंतीवर लावायचे, असंही मी हौसेने जाहीर करून टाकलं.

एकतीस मुलांपैकी सत्तावीस जणांचे कागद आले. त्यातले चार तर शब्दन् शब्द सारखे! चार घरांत किराणा बरोबर ३,४५० रुपयांचाच कसा काय आला असेल? उघड होतं, एकाचं बघून तिघांनी लिहिलं होतं. मी रागावले. आज वाटतं, रागवायला नको होतं. आपल्या घरचा आकडा लिहिण्यापेक्षा दुसऱ्याच्या घरचा लिहिणं त्यांना सोपं वाटलं, यात सांगण्यासारखं काहीतरी होतं. ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी तर रोज म्हणायची, “विसरले बाई.” एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. नाव सांगत नाही. का ते पुढे कळेलच. चौथ्या दिवशी तिची आई शाळेत आली. हातात खुरपं होतं, कामावर जाता जाता आलेली. वर्गात आली नाही, पायरीखालीच उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाई, आमच्या घरात काय हाय नि काय नाय, ते आमचं आम्हाला ठावं हाय. ते भितीवर कशाला टांगायचं?”

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असतं का, सांगा बरं?

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सगळे कागद गोळा करून ज्याचे त्याला परत दिले. प्रकल्प रद्द म्हटल्यावर वर्गाने टाळ्या वाजवल्या, ते वेगळंच! पण विषय काही माझ्या डोक्यातून जाईना. घरचा आकडा न विचारता पैशाचं गणित शिकायचं कसं?

तेव्हा आठवण झाली चिंचोक्यांची. आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात. इथे पाऊस नसला तरी चिंचा असतात. दोनशे चिंचोके जमवायला मुलांना एक दुपार पुरली. एक चिंचोका म्हणजे ५०० रुपये. पाच मुलांचं एक, अशी पाच खोटी घरं केली. पहिल्या घराची महिन्याची कमाई १६ चिंचोके, दुसऱ्याची १८, तिसऱ्याची २०, चौथ्याची २६ आणि पाचव्याची १२०. उरलेल्या सहा जणांत एक दुकानदार, एक सावकार, दोघे बँकेतले साहेब आणि दोघे चिठ्ठ्या काढणारे.

आता पहिल्या घराचा महिना पाहा. खोलीभाडं ४ चिंचोके, किराणा, दूध, भाजी ८, गॅस आणि वीज २. उरले २. (“बाई, तुम्ही रेशन धरलंच नाही!” एक मुलगा ओरडला. बरोबर होतं त्याचं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली कार्ड असलेल्या घराला माणशी ५ किलो धान्य मिळतं. म्हणाल तर तेवढा किराणा कमी धरा. आम्ही पहिला डाव रेशनशिवाय खेळलो आणि दुसरा रेशनसह. फरक चांगलाच पडला.)

मग चिठ्ठी निघाली : ‘घरात तापाचं आजारपण, दवाखाना ३ चिंचोके.’ सगळ्या घरांना तीच चिठ्ठी. पाचव्या घराने तीन चिंचोके टाकले आणि गप्पा पुढे चालू. पहिल्या घरात मात्र एकदम शांतता! तीन चिंचोके म्हणजे त्यांच्या कमाईचा जवळजवळ पाचवा हिस्सा. पाचव्या घराच्या कमाईचा फक्त चाळिसावा. ताप तोच, डॉक्टर तोच, बिल तेच.

एक चिंचोका कमी पडला. घरातली ‘आई’ बँकेत गेली. बँकेतल्या साहेबांनी, म्हणजे आमच्या वर्गातल्या सगळ्यात खोडकर मुलाने, चष्मा नसताना चष्मा सारखा केला आणि म्हणाला, “तारण काय आहे? कागद आणा. आणि आत्ता नाही, साहेब जेवायला गेलेत.” वर्ग हसून हसून लोळला. हे मी त्याला शिकवलं नव्हतं बरं का!

मग ती गेली सावकाराकडे. त्याने कागदबिगद काही मागितलं नाही, लगेच चिंचोका दिला. भाव : शेकडा पाच. म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला पाच रुपये व्याज. ऐकायला किती कमी वाटतं! पण हजार रुपयांचं गणित करून पाहा. महिन्याला ५०, वर्षाला ६००, आणि मूळचे हजार आहेत तिथेच. बँकेने तेच हजार वर्षाला १२ टक्क्यांनी दिले असते, तर व्याज झालं असतं १२० रुपये. (आपल्या राज्यात सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणं हा गुन्हा आहे. आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही.)

दुसऱ्या महिन्याची चिठ्ठी निघाली : ‘पावसामुळे आठ दिवस कामाला खाडा.’ ज्यांचा पगार महिन्याचा, त्यांना काहीच झालं नाही. पहिलं घर रोजंदारीचं. त्याचे चार चिंचोके गेले. तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या नावावर दीड हजारांचं कर्ज होतं आणि वर व्याज. त्या घरातल्या पाचही जणांनी उधळपट्टी केली नव्हती. साधा वडापावसुद्धा खाल्ला नव्हता!

“बाई, ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला कर्ज स्वस्त, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला महाग? उलटं पाहिजे ना?” हा प्रश्न पाचव्या घरातल्या मुलीने विचारला, पहिल्या नव्हे.

मी मला जमेल तसं उत्तर दिलं. बँकेला भीती असते की पैसे परत येतील का. म्हणून ती तारण मागते. ज्याच्याकडे तारण असतं त्याला मुळात कर्जाची तेवढी नड नसते. पाचशे रुपयांचं कर्ज देताना बँकेला जेवढी कागदपत्रं करावी लागतात, जवळपास तेवढीच पाच लाखांना करावी लागतात. आणि सावकाराला पक्कं माहीत असतं की हा माणूस उद्यापर्यंत थांबू शकत नाही. सगळ्यात मोठं कारण हे शेवटचं, असं मला वाटतं.

पुढच्या दिवशी आम्ही गावातल्या दुकानात वही-पेन्सिल घेऊन गेलो. गोडेतेलाची एक लिटरची पिशवी १५० रुपयांना. सुटं तेल मापाने, ५० मिलीला १० रुपये. आता अशी वीस मापं म्हणजे एक लिटर, म्हणजे २०० रुपये! रोजच्या रोज मजुरी आणून रोजचं तेल घेणाऱ्याला लिटरमागे ५० रुपये जास्त. चहाच्या पुडीचंही तेच निघालं. ‘छोटं ते महाग’ असा नियम मी लिहून घ्यायला सांगणार, तेवढ्यात शॅम्पूच्या पुडीने आम्हाला खोटं पाडलं. रुपयाची पुडी बाटलीपेक्षा चक्क स्वस्त! दुकानदारकाका म्हणाले, “रुपयाच्या वर गिऱ्हाईक देतच नाही, कंपनी काय करणार?” मी नियम खोडला. मापून बघितल्याशिवाय नियम लिहायचा नाही, हे माझ्याच वहीत लिहून घेतलं.

आता एक गंमत. मी वर्गाला पाच घरांची सरासरी काढायला सांगितली. १६, १८, २०, २६, १२०. बेरीज २००, भागिले ५, उत्तर ४०. म्हणजे सरासरी घराची कमाई २० हजार रुपये. सगळ्यांनी बरोबर काढली. एक जण मात्र बोटाने घरं मोजत राहिला आणि म्हणाला, “पण बाई, वीस हजारवालं घर आहे कुठे?” खरंच की! चार घरं त्या आकड्याच्या कितीतरी खाली आणि एक कितीतरी वर. मग आम्ही घरं ओळीने उभी केली आणि मधोमध कोण आलं ते पाहिलं. तिसरं घर, २० चिंचोके, दहा हजार रुपये. या मधल्या संख्येला मध्यक म्हणतात. पुढे वरच्या इयत्तेत शिकालच.

साऱ्या देशाची अशी सरासरी काढली की तिला दरडोई उत्पन्न म्हणतात. ती पहिल्यांदा मोजण्याची खटपट कुणी केली, माहीत आहे? दादाभाई नौरोजींनी. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये ते गणित शिकवत असत. सरकारच्याच अहवालांतले पिकांचे आणि भावांचे आकडे घेऊन, एकेका प्रांताचा हिशेब करत त्यांनी १८७६ साली मांडलं, की हिंदुस्थानात माणशी वर्षाचं उत्पन्न साधारण २० रुपये आहे. मग त्यांनी तुरुंगाचे हिशेब काढले! कैद्याला अन्नवस्त्र द्यायला सरकारला किती खर्च येतो? तो निघाला या वीस रुपयांपेक्षा जास्त. म्हणजे गुन्हेगाराला मिळतं तेवढंही साध्या माणसाच्या वाट्याला येत नव्हतं. आणि ही नुसती सरासरी, वरच्या लोकांचा मोठा वाटा बाजूला काढला तर गरिबाला याहून कमीच, हेही त्यांनी बजावलं होतं. गणिताच्या मास्तरांनी इंग्रज सरकारला त्यांच्याच आकड्यांत पकडलं!

आता त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीच्या आईकडे वळू. मला नंतर कळलं, की वस्तीवरच्या बचत गटाचं हिशेबाचं पुस्तक त्यांच्याकडे असतं. मी त्यांच्या घरी गेले. आधी माफी मागितली. मग विचारलं, “वर्गाला गट समजावून सांगाल का? तुमच्या घराचं काही सांगायचं नाही, फक्त गटाचं.” त्यांनी पुष्कळ वेळ काही उत्तर दिलं नाही. चहा मात्र दिला.

शनिवारच्या सकाळच्या शाळेला त्या आल्या. या वेळी वर्गात आल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, “आमच्या गटात शेकडा दोन. तीन हजार घेतलं, पाच महिन्यांनी फेडलं. व्याज किती?” पोरं पेन्सिली शोधेपर्यंत स्वतःच म्हणाल्या, “तीनशे. सावकाराकडं साडेसातशे. आन् हे तीनशे जात्यात कुठं? आमच्याच पेटीत. वर्षाअखेर आम्हीच वाटून घ्यायचं.”

तेवढ्यात मागून आवाज आला, “आई, पण दर महिन्याला सहाशे फेडत गेलं तर तीनशे होत नाही.” तिची लेक उभी राहिली होती. फळ्यावर येऊन तिने लिहिलं : ३,००० वर ६०, २,४०० वर ४८, १,८०० वर ३६, १,२०० वर २४, ६०० वर १२. एकूण १८०. आई म्हणाल्या, “व्हय की. तसंच करतो आम्ही. मी सोपं करून सांगत हुते.” आणि पदराने तोंड पुसलं.

गटाने सगळं सुटतं असं मी वर्गाला सांगितलं नाही. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. शहरातल्या माणसाला घर बांधायला बँक याहून कितीतरी स्वस्त कर्ज देते. पण म्हसवडची गोष्ट मात्र सांगितली, कारण म्हसवड आमच्याच बाजूचं. तिथल्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला, कारण कितीतरी जणी निरक्षर होत्या, अंगठा उठवणाऱ्या. बायका परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो; तुमचे अधिकारी यंत्राशिवाय सांगतात का बघा! १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली.

तुम्हाला हा खेळ घरी किंवा वर्गात खेळायचा असेल, तर चिठ्ठ्या तुम्हीच तयार करा : लग्नाचा आहेर, सायकल पंक्चर, शेळी व्याली, फी भरायची, पगारवाढ. पाचव्या घराला उरलेल्या चिंचोक्यांचं काय करायचं ते ठरवू द्या. आमच्याकडे त्यावरून भांडण झालं. एक म्हणाला पहिल्या घराला देऊन टाकू, दुसरी म्हणाली उसने देऊ, तिसरी म्हणाली सरकारला कर देऊ, म्हणजे दवाखाना फुकट होईल. ते भांडण अजून मिटलेलं नाही. फक्त एक करा : कुणाच्याही खऱ्या घरचा आकडा विचारू नका. खोट्या घरांवर काम भागतं.

आणि हो, चिंचोके आधी धुऊन, कडक उन्हात वाळवून डब्यात भरा. नाहीतर मुंग्या येतात. आमच्या डब्याला आल्या!