आचारी, वैद्य आणि मागून सुटलेले गलबत

‘गॉर्जियास’ या संवादात प्लेटोचा सॉक्रेटिस वक्तृत्वाला आचाऱ्याच्या पंगतीला बसवतो. वैद्य हिताचे देतो, आचारी जिभेला आवडेल ते. निवाडा पोरांवर सोपवला तर वैद्य उपाशी मरेल. म्हणजे पटवून देणे ही विद्या नव्हेच, नुसती खुशामत. दाखला मोठा चटकदार आहे. वक्तृत्वाची निंदा शिजवायला प्लेटोने चूल मात्र वक्तृत्वाचीच वापरली, ती गोष्ट वेगळी.

त्याच संवादात वक्तृत्व शिकवणारा गॉर्जियास सांगतो : माझा भाऊ वैद्य. रोगी औषध घेईना, कापून घ्यायला तयार होईना, की त्याची समजूत मी काढत असे. सॉक्रेटिस यातून एवढेच उचलतो, की अजाण माणसांपुढे अजाण वक्ता जाणकारावर मात करतो. पण इथे मात कुणावर झाली? औषध वैद्याचेच होते. रोग्याने तोंड उघडले, ते भावाच्या शब्दामुळे.

गॉर्जियास दूत म्हणून अथेन्सला आला, त्याच इ.स.पू. ४२७ साली अथेन्सच्या सभेने बंडखोर मिटिलीनी शहरातले सगळे प्रौढ पुरुष मारायचे ठरवले आणि हुकूम घेऊन गलबत धाडले. दुसऱ्या दिवशी लोक चरकले. पुन्हा सभा भरली. क्लिऑन कत्तलीवर अडून बसला. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्या डायोडोटसने दयेची याचना केलीच नाही. रागावलेल्या सभेला दया पटली नसती. त्याने फायद्यातोट्याचा हिशेब मांडला आणि थोडक्या मतांनी जिंकला. दुसरे गलबत सुटले. वल्हेकरी दारू-तेलात मळलेले जवाचे पीठ वल्ही मारता मारताच खात होते. हुकूम वाचून झाला होता, अंमल व्हायचा होता, तेवढ्यात ते पोचले. हजारावर पुढारी तरीही मारले गेले, शहर वाचले.

‘क्लिऑनही वक्ताच होता ना?’ होता. ॲरिस्टॉटलचे उत्तर सरळ आहे : बळ, आरोग्य, पैसा, सेनापतीपद, सगळ्यांचाच दुरुपयोग होतो. शिवाय अथेन्सच्या न्यायालयात वादी-प्रतिवादींना स्वतःच उभे राहून बोलावे लागे. तिथे बोलणे न शिकवणे म्हणजे माणसाला निःशस्त्र धाडणेच. आयसोक्रेटिसने तर वक्तृत्वाची शाळाच काढली. तीही ‘आम्ही सर्व काही शिकवतो’ म्हणणाऱ्या सोफिस्टांची टर उडवत : अंगचा गुण हवा, सराव हवा, मग शिक्षण. त्याचा स्वतःचा आवाज बारीक. सभेत तो बोलतच नसे.

आणि प्लेटो? ‘फीड्रस’ या संवादात तोच सांगतो, की खऱ्या वक्त्याने ऐकणाऱ्यांच्या मनांचे प्रकार ओळखून बोलावे. तिथे तुलनेला आचारी येत नाही. वैद्य येतो.