मोरपंखी आणि तिळवण

आगाशीच्या श्री मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात दर्शनाला येणाऱ्या मुंबईकर कुटुंबांचा दिवस बहुधा ठरलेला असतो. विरारला उतरून रिक्षा, सेवापूजा, भोजन, परतताना सुकेळ्यांची पुडी, आणि मुलांनी हट्ट धरलाच तर अर्नाळ्याचा किनारा. किनाऱ्यावर सुरूच्या रांगा दिसल्या की वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी मुलांना सांगते, ही पाहा हिमालयातल्यासारखी सूचिपर्णी झाडे. सांगणाऱ्याचा फारसा दोष नाही. सुया आहेत, लहानसे शंकू आहेत, वाऱ्याची सळसळही तशीच आहे. तरीही सुरू हा सूचिपर्णी नव्हे. त्याची हिरवी सुई म्हणजे पान नसून बारीक फांदी असते. ती दोन बोटांत धरून हलकेच ओढली तर पेरापेरांवर सुटते, आणि प्रत्येक पेरावर दातऱ्यांसारखी चिमुकली पाने दिसतात. सुरूला फुले येतात, त्याचे बी फळात झाकलेले असते. वनस्पतिशास्त्रात त्याची जागा वड आणि आंब्याच्या गोतावळ्यात आहे, देवदाराच्या नाही.

खरा सूचिपर्णी पाहायचा तर किनाऱ्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. बंगल्याच्या फाटकाशी किंवा सोसायटीच्या दारात दोन्ही बाजूंना लावलेली मोरपंखी हा खराखुरा सूचिपर्णी आहे. शाळकरी मुले जिचे पान 'विद्या' म्हणून वहीत जपतात, तीच ही. तिची पाने सुईसारखी नसतात, खवल्यांसारखी असतात. पण तिला फूल नाही, फळ नाही, आणि बी शंकूच्या खवल्यांमध्ये उघडेच वाढते. मूळची ती चीनकडची. बीजिंगच्या जुन्या मंदिरांच्या आवारात तिचे शेकडो वर्षांचे वृक्ष आजही उभे आहेत. कोकणाच्या रानात सूचिपर्णी उगवत नाहीत, त्यामुळे वसई-विरारच्या पट्ट्यात दिसणारी मोरपंखी कोणीतरी रोपवाटिकेतून पैसे मोजून आणलेली असते.

तिळवणीसाठी मात्र कोणी पैसे मोजत नाही. जूनच्या सरी स्थिरावल्या की पिवळी तिळवण रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या पायाशी आणि पुष्कळदा त्या मोरपंखीच्या आळ्यातही उगवते. चिकट, उग्र वासाची, चार पाकळ्यांच्या पिवळ्या फुलाची, वर उभारलेल्या बारीक शेंगेची. शेंगेतले बी मोहरीची आठवण करून देते आणि ते साम्य केवळ डोळ्यांचे नाही. तिळवणीचे कुळ हे मोहरीच्या कुळाचे सर्वांत जवळचे भावंड मानले जाते. गढवालात याच बियांना जख्या म्हणतात आणि भाजीला त्यांची फोडणी देतात. आगाशीत जे उपटून उकिरड्यावर जाते, ते उत्तराखंडात किराणा दुकानात तोलून विकले जाते; मालाची किंमत मालात किती आणि बाजारात किती, हा प्रश्न व्यापारी घरांना नवा नाही.

दोघींच्या जगण्याची रीत परस्परविरुद्ध आहे. मोरपंखीचा कारभार पेढीसारखा. एकेक खवला वर्षानुवर्षे टिकतो, जुना गळेपर्यंत नवा आलेला असतो, म्हणून झाड बाराही महिने हिरवे. सदाहरित याचा अर्थ पान कधीच गळत नाही असा नव्हे. सगळी पाने एकाच वेळी गळत नाहीत, एवढाच. बी धरण्याची तिला घाई नसते. तिळवण म्हणजे संक्रांतीपुरते थाटलेले पतंगांचे दुकान. काही आठवड्यांत उगवायचे, फुलायचे, सगळे भांडवल बियांत घालायचे आणि पाऊस सरताच आवरते घ्यायचे. तिचे बी मातीत पडून पुढच्या पावसाची वाट पाहते.

इतक्या वेगळ्या दोन रीतींच्या मुळाशी दोन वेगळ्या चोपड्या असाव्यात, असा अंदाज कोणीही करील. शास्त्रज्ञांनी जेव्हा अशा चोपड्या उघडून वाचल्या, तेव्हा तो अंदाज अर्धाच खरा ठरला. मोहरीच्या कुळातले अरेबिडोप्सिस नावाचे वीतभर तण ही जनुकांची संपूर्ण नोंद वाचली गेलेली पहिली वनस्पती. ते काम २००० साली प्रसिद्ध झाले. नोंद सुमारे साडेबारा कोटी अक्षरांची, आणि तीत जनुके साधारण २५,५०० निघाली. पुढे २०१३ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने नॉर्वे स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची नोंद वाचली गेली. अक्षरे सुमारे २,००० कोटी, म्हणजे त्या तणाच्या दीडशे पटींहून अधिक आणि माणसाच्या सहा पटींहून अधिक. जनुके मात्र २८,००० च्या आसपास. चोपडी दीडशे पट जाड, आणि कामाच्या नोंदी जवळजवळ तेवढ्याच!

मग उरलेल्या पानांवर काय आहे? बहुतांशी नकला. जनुकसंचात स्वतःची नक्कल करून दुसरीकडे जाऊन बसणारे तुकडे असतात. इतर वनस्पती ते वेळोवेळी झाडून काढतात. सूचिपर्णींनी कोट्यवधी वर्षांत त्यांतले फारच थोडे टाकलेले दिसते. आजोबांच्या काळापासूनचे रोजमेळ आणि पावत्या माळ्यावर बांधून ठेवणारी घरे पुष्कळांच्या परिचयाची असतील. माळा भरतो, पण त्याने उलाढाल वाढत नाही.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट लाकडाची. सूचिपर्णीचे वैभव म्हणजे त्याचे लाकूड, आणि तणाला लाकूड कुठले? परंतु अमेरिकेतील लोब्लॉली पाइन या वृक्षाच्या लाकूड घडवणाऱ्या भागातली जनुके तपासून २००३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पुरेशा लांबीने वाचता आलेल्या जनुकांपैकी सुमारे ९० टक्क्यांना अरेबिडोप्सिसमध्ये जोड सापडली. या दोन वंशांच्या वाटा सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते. २००८ मध्ये तर बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी त्या तणातली फुलण्याशी संबंधित दोन जनुके निकामी केली, आणि काही आठवड्यांत मरणारे ते रोप लाकूड धरू लागले, झुडपासारखे टिकू लागले. लाकडाची तजवीज तणात आधीपासून होती. त्याने ती वापरली नव्हती, कारण त्याचे सारे लक्ष बियांवर होते.

आगाशीकरांना याचा पडताळा घरच्याच बागेत आहे. ज्या राजेळी केळीची सुकेळी होतात, ती केळ माणसापेक्षा कितीतरी उंच वाढते आणि तरी वृक्ष नव्हे. तिच्यात लाकूड नाही, तिचा बुंधा म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी केळ ही मोठी थोरली ओषधी, तिळवणीच्याच रांगेतली. सुरू सूचिपर्णी भासतो आणि नसतो, केळ झाड भासते आणि नसते. उंचीवरून आणि दिखाव्यावरून प्रत लावू गेले की चूक होते.

जैन परंपरेने ही प्रत कधी उंचीवरून लावलीच नाही. मोरपंखी आणि तिळवण दोन्ही वनस्पतिकाय, दोन्ही एकेंद्रिय, स्पर्श एवढेच इंद्रिय असलेल्या. उगवतीचा कोवळा अंकुर तर, कोणत्याही रोपाचा असो, अनंतकाय मानलेला आहे. यावरून प्रयोगशाळेने शास्त्रवचन सिद्ध केले असे म्हणण्याची घाई करू नये. जनुके मोजणाऱ्यांचा प्रश्न वेगळा होता आणि आगमांचा वेगळा. पण आषाढात आवारात उभे राहून माळ्याला काय सांगायचे, हा प्रश्न घरातल्या कर्त्यांपुढे दरवर्षी खरोखरच येतो, आणि तेथे दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात.

कारण नेहमीचा क्रम असा असतो. पाहुणे येणार, पर्युषण जवळ आले, आवार नीटनेटके दिसावे म्हणून तिळवण फुलावर असताना उपटली जाते किंवा तिच्यावर तणनाशक फवारले जाते. मोरपंखीच्या आळ्याला मात्र रोज पाणी. या घाईत एक हिशेब राहून जातो. पावसाळ्यात जमिनीलगत मंद फडफडणारे एक चिमुकले पांढरे फुलपाखरू तिळवणीच्या पानांवर अंडी घालते आणि त्याच्या अळ्या तीच पाने खाऊन वाढतात. तिच्या फुलांवर मधमाश्या येतात. मोरपंखीचे परागण वारा करतो, तिला त्यांची गरज नसते. तेव्हा फुलावरची तिळवण उपटणे म्हणजे एका एकेंद्रियापुरता प्रश्न राहत नाही, त्रस जीवही त्यात येतात. शिवाय तोवर खालच्या शेंगा तडकू लागलेल्या असतात, म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणीही होऊन गेलेली असते.

जयणा सांभाळणारी घरे शेवाळाच्या बाबतीत काय करतात ते पाहण्यासारखे आहे. ते धरल्यावर खरवडण्यापेक्षा धरूच नये, म्हणून वैशाख-ज्येष्ठात गच्ची आणि अंगण झाडून कोरडे करतात, पाणी साचणाऱ्या जागा बुजवतात. तणाचाही उपाय त्याच दिवसांत आहे. जेथे चालायचे तेथे पाऊस येण्याआधी फरशी बसवावी, आळ्यावर दगडगोट्यांचा जाड थर द्यावा, म्हणजे बी उजेडाला येत नाही आणि अंकुर फुटण्याचा प्रसंग कमी येतो. वाळल्या पानांचा थर बागायतीत चांगला, पण ओल धरून त्यात किडे होतात, म्हणून या कामी दगड बरे. आणि जेथे कोणी चालत नाही, असा कुंपणालगतचा एखादा हातभर पट्टा मोकळा सोडायला हरकत नसावी. तिळवणीची मुदत थोडीच असते. दिवाळीच्या साफसफाईला माणसे आवारात उतरतात तोवर ती आपणहून वाळलेली असते, शेंगा उकललेल्या, आणि मागे मोरपंखी होती तशीच हिरवी.